फसवणुकीच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा: "हिंसा केली नाही, मग लवकर पॅरोल का नाही?"

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. एका ताईंच्या भावाने प्लॉट देतो म्हणून सात-आठ जणांकडून पैसे घेतले आणि प्लॉट दिले नाहीत. महाराष्ट्रातल्या न्यायालयाने त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० आणि ४०६ खाली पाच वर्षं सक्तमजुरी आणि दोन लाख दंड सुनावला. दंड न भरल्यास आणखी सहा महिने. खटला चालू असताना तो आठ महिने आत होता, निकालानंतर चौदा महिने झाले. ताईंचं म्हणणं असं: त्याने कुणावर हात उचलला नाही, खून केलेले पॅरोलवर बाहेर दिसतात, मग अशा माणसाला लवकर पॅरोल द्यायला काय हरकत आहे? त्यावर एकाने उत्तर दिलंय की ज्यांचे आयुष्यभराचे पैसे बुडाले त्यांना विचारा हरकत काय ते.

दोन वेगळे प्रश्न इथे एकमेकांत अडकलेत. या भावाला आज कायद्याने काय मिळू शकतं, हा एक. बिनहिंसेच्या गुन्ह्यात लवकर सोडावं की नाही, हा दुसरा. पहिला आधी घेतो, कारण त्याचं घड्याळ चालू आहे.

महाराष्ट्रात "पॅरोल" मागून शिक्षा कमी होत नाही. आपल्याकडे १९५९ चे फर्लो आणि पॅरोल नियम आहेत आणि त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्ही रजाच. माणूस ठरलेले दिवस घरी येतो आणि ठरलेल्या दिवशी कारागृहाच्या दारात परत उभा राहतो. संचित रजेला कारण लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वर्तन नीट असेल तर ती मिळू शकते, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला कारण लागतं: घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न, पुरात किंवा आगीत घर जाणं. आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गुजरातच्या नारायण साई प्रकरणात पुन्हा स्पष्ट केला. तिथेही हेच जुने मुंबईचे नियम लागू होते. संचित रजा हा निरपवाद हक्क नाही, असंही त्याच निकालात म्हटलंय. पुढे जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या रोहन धुंगट प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा मोजताना पॅरोलचा काळ वजा होतो. कोविडमधल्या आकस्मिक पॅरोलबद्दलही त्याच वर्षी तसाच निकाल आला. म्हणजे भाऊ दीड महिना पॅरोलवर आला तर सुटकेची तारीख दीड महिना पुढे सरकते. घरच्यांना हे बहुधा नंतर कळतं.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून होणारा घोळ वेगळा. तिथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढणं. तेही तिथल्या केंद्रीय कायद्यात १९८४ च्या सुधारणेने बंद केलं. २०१८ च्या कायद्याने कार्यक्रमांत भाग घेणाऱ्या कैद्यांना दर तीस दिवसांमागे दहा ते पंधरा दिवसांची सवलत दिली, पण अपवादांची यादी भलीमोठी ठेवून. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे "माफी", म्हणजे चांगल्या वर्तनासाठी आणि कामासाठी शिक्षेतून कमी होणारे दिवस, आणि तिचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

आता "हिंसा नाही" या मुद्द्याकडे. आपल्या कायद्यात अहिंसक गुन्हेगार असा वेगळा वर्गच नाही. कलम कोणतं आणि त्याची कमाल शिक्षा किती, यावर सगळं ठरतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी असतो: ४२० सोबत ४०९ किंवा ४६७ आहे का? प्लॉटच्या व्यवहारात खोटं खरेदीखत केलं तर ४६७ लागतं. पतसंस्थेच्या पदाधिकाऱ्याने किंवा सरकारी नोकराने पैसे हडपले तर ४०९. या दोन्हींची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. प्रत्यक्षात तीनच वर्षं सुनावली तरी परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ चं दार (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका) बंद होतं. कच्च्या कैद्याला (निकाल लागायच्या आधी आत असलेल्याला) ठरावीक काळानंतर जामीन देणारं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सुद्धा जन्मठेपेच्या कलमाला लागू होत नाही. तिच्या आधीच्या, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-क मध्ये फक्त फाशीची कलमं वगळली होती, नव्यात जन्मठेपही घातली. दोघांनी सारख्याच रकमेची फसवणूक केली असेल, पण एकाने खोटा दस्त केला असेल, तर त्यांच्या वाटा इथूनच वेगळ्या होतात. ताईंनी लिहिल्याप्रमाणे फक्त ४२० आणि ४०६ असेल तर भाऊ बऱ्याच बाबतीत सुदैवी आहे. तरी निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून शेवटचा, शिक्षेचा आदेश स्वतः वाचा. तोंडी ऐकलेली कलमं आणि कागदावरची कलमं पुष्कळदा जुळत नाहीत.

अपील, आणि शिक्षेला स्थगिती

पाच वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाला घरी आणण्याचा सर्वांत सरळ मार्ग रजेचा नाही, अपिलाचा आहे. ताईंच्या पत्रात अपिलाचा उल्लेखच नाही, म्हणून मला तीच काळजी वाटते. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. मुदत उलटली असेल तर विलंब माफ करण्याचा अर्ज सोबत जोडून अजूनही करता येतं. "वकिलाची फी नव्हती", "निकालाची प्रत उशिरा मिळाली" ही कारणं न्यायालयं ऐकतात, पण तारखांसकट लिहिली तर. तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो.

अपील दाखल झालं की शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा. जुनं कलम ३८९, नवं ४३०. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत निकाल देणारं न्यायालयच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. इथे पाच वर्षं असल्यामुळे तो अधिकार अपिलीय न्यायालयाचा. भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलंय की ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, आणि स्थगिती द्यायची नसेल तर अपील तरी लवकर ऐकावं. कारण साधं आहे: अपील चार वर्षांनी ऐकलं आणि माणूस निर्दोष ठरला, तर तोवर त्याने शिक्षा जवळपास भोगून झालेली असते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्थगितीवर बाहेर असलेला काळ शिक्षेत धरला जात नाही. अपील फेटाळलं तर उरलेले महिने जाऊन भोगावे लागतात. दुसरं, स्थगिती देताना न्यायालय बहुधा दंड किंवा त्याचा मोठा भाग जमा करायला सांगतं. फसवणुकीत तर फिर्यादींच्या पैशांचं काय, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. त्याचं उत्तर घेऊन न गेलेला अर्ज अर्धा हरलेला असतो.

अपिलात आणखी एक गोष्ट मागता येते, आणि ती फार थोडे वकील मागतात. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी समज देऊन सोडण्याची तरतूद आहे, आणि तिथे ज्या कलमांची नावानिशी यादी आहे त्यात ३७९, ३८०, ३८१, ४०४ यांच्या बरोबर ४२० सुद्धा आहे. कलम ४ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका आहे, आणि कलम ५ खाली अशी सुटका देताना न्यायालय नुकसानभरपाई भरायला लावू शकतं. हे अपिलातही करता येतं. सात-आठ जणांची फसवणूक असेल तर ते अवघड आहे हे खरं. पण पैसे परत झाले असतील आणि आधीचा गुन्हा नसेल, तर मागणी तरी लिहून ठेवावी. शिवाय फसवणुकीचं हे कलम न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतं, अपील चालू असतानाही. सगळ्या फिर्यादींनी संमती दिली तर शिक्षेचा प्रश्नच उरत नाही. मात्र "सगळ्या" हा शब्द महत्त्वाचा. आठपैकी सात तयार झाले आणि एक नाही, तर त्या एकापुरती केस उभीच राहते.

महिने मोजायचे कसे

सुटकेची तारीख घरच्यांनी स्वतः मोजावी. साठ महिन्यांची शिक्षा. खटल्याच्या काळातले आठ महिने वजावट म्हणून मिळतात (जुनं कलम ४२८, नवं ४६८). निकालानंतरचे चौदा धरून बावीस महिने भोगून झाले. माफी शून्य धरली तर अडतीस बाकी. अर्धी शिक्षा तीस महिन्यांवर पूर्ण होते, म्हणजे अजून आठ महिन्यांनी. दोन तृतीयांश चाळीस महिन्यांवर, अजून अठरा महिन्यांनी. हे दोन टप्पे का महत्त्वाचे, ते पुढे येतं.

हिशेब चुकतो तो तीन ठिकाणी. वजावट फक्त त्याच गुन्ह्यात आत काढलेल्या दिवसांची मिळते. तेव्हा भाऊ दुसऱ्याच गुन्ह्यात अटकेत असेल तर ते दिवस इथे येत नाहीत. दुसरं ठिकाण दंडाचं. दोन लाख भरले नाहीत तर सहासष्टाव्या महिन्यापर्यंत मुक्काम वाढतो, आणि त्या दंडाबदलीच्या कैदेवर माफी मिळेल असं धरून चालू नका. दंड हप्त्याने भरता आला तर जेवढा भरला त्या प्रमाणात ही कैद कमी होते. खरोखर ऐपतच नसेल तर केंद्र सरकारची २०२३ पासूनची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्यात शिक्षा झालेल्याचा पंचवीस हजारांपर्यंतचा दंड भरता येतो, कच्च्या कैद्याला जामिनासाठीही मदत मिळते. दोन लाखांच्या दंडाला ती पुरणार नाही. पण ज्यांचा दंड पाच-दहा हजार आहे आणि तेवढ्यासाठी आत बसलेत, त्यांनी कारागृहातल्या विधी साहाय्य केंद्रात ताबडतोब विचारावं.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं आहे. अशा माणसावर बहुतेक वेळा चेक न वटल्याच्या दोन-चार केसेसही असतात. वेगवेगळ्या खटल्यांतल्या शिक्षा आपोआप एकत्र चालत नाहीत. जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम ४२७ प्रमाणे (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४६७) पहिली संपली की दुसरी सुरू होते, न्यायालयाने "एकत्र भोगाव्यात" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच त्या सोबत चालतात. सहा-सहा महिन्यांच्या दोन शिक्षा असतील तर साठचे बहात्तर महिने झाले आणि दोन तृतीयांशाचा टप्पा चाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेला. चेकच्या केसेस एकाच व्यवहारातल्या असतील तर शिक्षा एकत्र करण्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या व्ही. के. बन्सल निकालाचा आधार आहे. तो अर्ज करायचा राहून गेला म्हणून वर्ष-वर्ष जास्त आत राहिलेली माणसं आहेत. तुरुंग प्रशासन यात काही करू शकत नाही, ते वॉरंटवर जे लिहिलंय तेच पाळतं.

माफी आणि रजा

महाराष्ट्रात माफीचे १९६२ चे नियम आहेत. वर्तन, काम, वर्षभर शिस्तभंग नसणं यांसाठी दिवस मिळतात, आणि विशेष कामासाठी वेगळी माफी देता येते. खुल्या कारागृहात गेलेल्याला माफी बरीच जास्त मिळते. पैठण, मोर्शी, विसापूर, येरवडा आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर ही महाराष्ट्रातली काही खुली कारागृहं. स्वतंत्रपूर तर औंध संस्थानाच्या काळातलं, १९३९ चं. पाच वर्षांच्या शिक्षेत तिथे जायला वेळ थोडा उरतो, तरी भावाने अधीक्षकांकडे लेखी विचारणा करावी. प्रत्येक बंद्याचं हिस्टरी तिकीट असतं, त्यावर माफीचे दिवस चढतात. मुलाखतीला जाल तेव्हा भावाला सांगा, दर तीन महिन्यांनी ते दिवस वाचून वहीत उतरवून ठेव. नोंद राहून गेली असेल तर ती दोन वर्षांनी सिद्ध करणं जिकिरीचं होतं.

"मग संजय दत्त कसा सुटला?" हा प्रश्न या विषयावर येतोच. शस्त्र कायद्यातल्या पाच वर्षांच्या शिक्षेतून तो २५ फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून सुटला, मुदतीच्या सुमारे आठ महिने आधी. ती माफी होती, पॅरोल नव्हे. उच्च न्यायालयाने राज्य सरकारकडून हिशेब मागितला आणि शेवटी २०१८ मध्ये याचिका फेटाळली. तो हिशेब प्रत्येक कैद्याला लागू आहे. फरक इतकाच की त्याच्या प्रत्येक दिवसाची नोंद तपासायला माणसं होती.

रजेबद्दल. एक ते पाच वर्षांच्या शिक्षेत प्रत्यक्ष एक वर्ष भोगल्यावर पहिली संचित रजा मागता येते, म्हणजे हा भाऊ पात्रतेच्या टप्प्यात आहे. मूळ नियमात ती दोन आठवड्यांची होती. दुरुस्त्यांत दिवस बदलत गेलेत, म्हणून चालू नियमाची प्रत कारागृहातूनच मागा. अर्ज बंद्याने अधीक्षकांमार्फत करायचा. संचित रजेचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे जातो, घरातल्या मृत्यूसाठीची तातडीची रजा अधीक्षक देतात, आजारपणासारख्या कारणांची रजा विभागीय आयुक्तांकडे गेलेली आहे. दरोडा, जबरी चोरी, अमली पदार्थ, पूर्वी पळून गेलेला किंवा उशिरा परत आलेला बंदी, असे अपवाद नियमात आहेत. फसवणूक त्यात नाही.

रजा अडते ती पोलीस अहवालावर. रजेच्या काळात बंदी जिथे राहणार तिथल्या पोलीस ठाण्यातून जामीनदाराची चौकशी होते. हवालदार घरी येतो तेव्हा घराला कुलूप असलं की "जामीनदार मिळून आला नाही" असा शेरा जातो आणि अर्ज फेटाळला जातो. आधार कार्डावर एक पत्ता, रेशन कार्डावर दुसरा, घरभाडं तिसऱ्याच ठिकाणी, यानेही तेच होतं. फसवणुकीच्या गुन्ह्यात तर आणखी एक शेरा ठरलेला: "फिर्यादींचा विरोध असून शांतताभंगाची शक्यता." यावर उपाय आहे. ज्या गावात पैसे बुडालेत तिथला पत्ता न देता दुसऱ्या तालुक्यातल्या मामाचा, मावशीचा किंवा सासरचा पत्ता द्या. जामीनदार नातेवाईक असावा, कागद एकाच पत्त्याचे असावेत, आणि चौकशीच्या दिवसांत त्याने फोन उचलावा. एवढ्याने बरेच अर्ज तरतात. नुसता "पोलिसांचा विरोध" लिहून अर्ज फेटाळला असेल तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

आणि परत यायच्या दिवशी परत यायचंच. एक दिवस उशीर झाला तरी माफी कापली जाते, पुढच्या रजा धोक्यात येतात, आणि जास्त उशीर झाला तर दंड संहितेच्या कलम २२४ चा (आताच्या न्याय संहितेचं २६२) नवा गुन्हा दाखल होऊ शकतो. आजारी पडलात तर सरकारी दवाखान्याचा कागद घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि कारागृहात कळवा. नंतर आणलेलं खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट कुणी मानत नाही.

मुदतपूर्व सुटका

शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा राज्य सरकारचा अधिकार जुन्या ४३२-४३३ मध्ये होता, आता ४७३-४७४ मध्ये आहे. ४७४ मध्ये सात वर्षांहून कमी कैदेचं दंडात रूपांतर करण्याचीसुद्धा तरतूद आहे. कागदावर हे अगदी या भावासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वैयक्तिक अर्जावर ते क्वचित होतं. विचित्र भाग असा की जन्मठेपेच्या कैद्यांसाठी महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षांचा तक्ता आहे, २०१० च्या शासन निर्णयात. त्यामुळे खुनातल्या कैद्याची फाईल ठरल्या वर्षी आपोआप हलते. तीन-पाच वर्षांवाल्यांसाठी तसा तक्ता नाही. "खुनी सुटतात आणि हा नाही" या भावनेत तथ्य आहे ते एवढंच, आणि त्यामागे दुजाभाव नाही. त्यांची शिक्षा संपतच नसते, म्हणून त्यांच्यासाठी पद्धत बसवावी लागली.

मुदतीच्या कैद्यांना संधी येते ती विशेष माफीच्या घोषणांत. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०१८-१९ मध्ये आणि स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात २०२२-२३ मध्ये तीन-तीन टप्प्यांत सुटका झाल्या. निकष साधारण असे: दोन तृतीयांश शिक्षा भोगलेले, अर्धी भोगलेले वयस्कर स्त्री-पुरुष, सत्तर टक्के अपंगत्व असलेले. वर मोजलेले टप्पे इथे लागतात. पण याच योजनांत मनी लाँडरिंग, परकीय चलन, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि अमली पदार्थ यांतले कैदी वगळलेले होते. यातल्या कुणी चाकू उगारलेला नसतो. २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेतल्यांना आकस्मिक पॅरोल दिला, तेव्हाही गंभीर आर्थिक गुन्हे, बँक घोटाळे आणि ठेवीदार संरक्षण कायदा बाहेर ठेवले. म्हणजे "हिंसा नाही म्हणून सोडा" हा युक्तिवाद सरकारने स्वतःच अनेकदा नाकारलाय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचं माफी धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने स्वतः विचार करावा. म्हणून पुढची घोषणा झाली की यादीत नाव आहे का ते अधीक्षकांकडे लेखी विचारा. परराज्यात शिक्षा झालेल्यांसाठी: माफीचा अधिकार ज्या राज्यात शिक्षा सुनावली त्या सरकारचा असतो, हे जानेवारी २०२४ च्या बिल्किस बानो निकालाने पक्कं केलंय.

इथवरचा सारांश: अपील आणि स्थगिती आधी, दंड आणि एकत्रित शिक्षा त्यासोबत, संचित रजा लगेच मागण्याजोगी, विशेष माफी अठरा महिन्यांनी आणि तेव्हा घोषणा असेल तर.

मग सोडावं की नाही?

माझं मत असं की "हिंसा नाही" ही मोजपट्टी चुकीची आहे. निवृत्तीचे बारा लाख बुडालेल्या माणसाला कुणी हात लावलेला नसतो, पण त्याच्या घरात औषधं बंद होतात, मुलीचं लग्न मोडतं. दुसऱ्या टोकाला सायकल चोरलेला पोरगा आहे, तोही अहिंसक. दोघांना एका खान्यात बसवून "सगळ्यांना सोडा" किंवा "कुणालाच नको" म्हणण्यात अर्थ नाही. मी तीन गोष्टी बघेन: घेतलेलं परत केलं का, पुन्हा तेच करण्याची संधी हातात आहे का, आणि विश्वासाच्या पदावर बसून केलं का. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नासकर प्रकरणात २००० साली दिलेले निकषही याच दिशेचे आहेत: समाजावर परिणाम, पुनरावृत्तीची शक्यता, आणखी आत ठेवण्याने काय साधतं, कुटुंबाची स्थिती.

लवकर सुटकेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा पैशाचाच आहे. आत बसलेला माणूस फिर्यादींना रुपया परत करू शकत नाही, तुरुंगातल्या मजुरीत तर नाहीच. दोन तृतीयांश शिक्षा भोगल्यावर, दरमहा न्यायालयात हप्ता भरण्याच्या अटीवर सोडलं, तर फसलेल्यांना काहीतरी मिळेल. विरोधातला भक्कम मुद्दा असा की आपल्याकडे सुटल्यानंतर लक्ष ठेवणारी यंत्रणाच जवळपास नाही. परिवीक्षा अधिकारी मोजके आणि त्यांच्यावर इतर कामांचा बोजा. तो हप्ता थांबला हे कोण बघणार? शिवाय ज्याच्याकडे लपवलेले पैसे आहेत त्याचे कागद नेहमीच नीट असतात. अट नसलेली सुटका सगळ्यात आधी त्याच्याच कामी येते.

या वादातून एक मोठा गट कायम सुटतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, आणि कारागृहं क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली. पॅरोल, माफी हे सगळं उरलेल्यांसाठी. चोरी-फसवणुकीत निकालाशिवाय बसलेल्यांसाठी कलम ४७९ आहे: पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांशानंतर, नाहीतर अर्ध्यानंतर जामीन. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या केसेसनाही लागू केलं, आणि अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. मात्र एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर हे मिळत नाही, आणि छोट्या चोऱ्या करणाऱ्यावर नेमक्या तीन-चार केसेस असतातच. मला विचाराल तर बदल आधी इथे हवा.

ताईंनी शेवटी विचारलंय, फिर्यादींना जाऊन भेटावं का. भेटा, पण घरचं कुणी एकटं जाऊ नये आणि रोख रक्कम हातात देऊ नये. आठ जणांपैकी एकाने "दबाव आणला" म्हणून अर्ज दिला तर स्थगितीचा अर्ज तिथेच अडकतो. वकिलामार्फत प्रत्येकाच्या नावाने लेखी प्रस्ताव द्या आणि रक्कम डिमांड ड्राफ्टने अपिलीय न्यायालयात जमा करा, पावतीवर केस क्रमांक आणि फिर्यादीचं नाव घालून. पूर्ण रक्कम जमत नसेल तर ज्यांची सगळ्यात कमी आहे त्यांची आधी पूर्ण करा. आठ जणांना थोडे थोडे दिल्याने एकही संमती मिळत नाही, तीन जणांचे पूर्ण दिले तर तीन प्रतिज्ञापत्रं हातात येतात.